दोनदा स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं, पण नाव केबलवर राहिलं : फ्लॉपीवाल्या अ‍ॅलन शुगार्ट यांची गोष्ट

अक्कलकुवा, तळोदा, शहादा, यातल्या कुठल्याही गावात साडीच्या दुकानात शिरलात तर सुरतहून आलेली एम्ब्रॉयडरीची साडी दिसणारच. ही साडी ज्या मशीनवर भरली जाते, ते मशीन म्हणजे एका अर्थाने कॉम्प्युटरच असतं. सुई कुठे उतरणार, कापड किती सरकणार, कुठल्या रंगाचा दोरा कधी येणार, हे सगळं डिझाइनच्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या मशीनमध्ये ही फाइल आत जायचा रस्ता एकच, फ्लॉपी.

आता अडचण अशी की मशीन दणकट असतं, ते वीस-पंचवीस वर्षं चालतं. फ्लॉपी मात्र बाजारातून गेली. सोनीसारख्या कंपनीने २०११ मध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. धूळ, दोऱ्याचे तंतू आणि घासून झिजलेलं हेड यामुळे फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडते आणि लाखो रुपयांचं मशीन एका छोट्या डब्यापायी अडून बसतं.

यावरचा उपाय म्हणजे फ्लॉपी इम्युलेटर. जुन्या ड्राइव्हच्याच मापाचा डबा, पण फ्लॉपीच्या फटीऐवजी पेनड्राइव्ह लावायची जागा. जुनी ड्राइव्ह काढायची, तीच केबल या डब्याला जोडायची, आणि मशीनला वाटतं की आपल्यात अजून फ्लॉपीच फिरतेय. गोटेक नावाचा चिनी डबा यात सगळ्यात प्रसिद्ध. एम्ब्रॉयडरी आणि सीएनसी मशीनसाठी निघालेला हाच डबा जगभरातले हौशी लोक अमिगा, अटारी एसटी यांसारख्या १९८०च्या दशकातल्या कॉम्प्युटरमध्ये बसवतात.

पण मुळात हे जमतं कसं? चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आणि आजचा पेनड्राइव्ह यांची भाषा जुळते कशी? याचं उत्तर ३४ पिनांच्या एका चपट्या केबलमध्ये आहे. जाणकार तिला शुगार्ट बस म्हणतात. बस म्हणजे इथे सामायिक तारांचा जुडगा, आणि शुगार्ट हे एका माणसाचं आडनाव. त्या माणसाची ही गोष्ट.

मशीन दुरुस्त करणारा पोरगा

अ‍ॅलन शुगार्ट यांचा जन्म २७ सप्टेंबर १९३० चा, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा. रेडलँड्स विद्यापीठातून १९५१ मध्ये त्यांनी इंजिनिअरिंग फिजिक्सची पदवी घेतली आणि लगेच आयबीएममध्ये नोकरी धरली. काम काय, तर गिऱ्हाइकाकडे जाऊन बंद पडलेली हिशेबाची मशीन दुरुस्त करायची. आजच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हिस इंजिनिअर.

१९५५ मध्ये त्यांची बदली सॅन होजेच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे आयबीएम एक वेगळीच गोष्ट घडवत होती. तोपर्यंत माहिती साठवायची ती पंच केलेल्या कार्डांवर किंवा टेपवर. टेपमध्ये मधली एखादी नोंद हवी असेल तर आधीची सगळी टेप पुढे सरकवावी लागायची. त्याऐवजी फिरत्या तबकड्यांवर माहिती लिहायची आणि हवी तिथे थेट उडी मारायची, ही कल्पना. १९५६ मध्ये रॅमॅक या कॉम्प्युटरबरोबर जगातली पहिली डिस्क ड्राइव्ह बाजारात आली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोएवढी माहिती.

शुगार्ट या प्रकल्पात इंजिनिअर होते. पुढच्या काही वर्षांत ते चढत चढत आयबीएमच्या सगळ्या डिस्क उत्पादनांचे प्रमुख झाले.

फ्लॉपी नेमकी कशासाठी जन्मली?

फ्लॉपी सामान्य माणसाच्या फायली ठेवायला बनलीच नव्हती. १९६०च्या दशकाच्या शेवटी आयबीएमचे मोठे कॉम्प्युटर चालू करताना त्यांना सुरुवातीच्या सूचना भरवाव्या लागणार होत्या, कारण वीज गेली की आतल्या सूचना पुसल्या जायच्या. शिवाय सूचनांमध्ये सुधारणा झाली की ती प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठवायची. त्यासाठी टपालाने पाठवता येईल असं स्वस्त काहीतरी हवं होतं.

शुगार्ट यांनी १९६७ मध्ये हे काम डेव्हिड नोबल या इंजिनिअरकडे सोपवलं. टेपचे प्रयोग फसले. मग चुंबकीय लेप दिलेली लवचीक प्लॅस्टिकची चकती पुढे आली. तिच्यावर धूळ बसायची, म्हणून तिला पाकिटात घातलं आणि पाकिटाला आतून कापडी अस्तर लावलं. चकती फिरता फिरता स्वतःच पुसली जायची. आठ इंची, सुमारे ८० किलोबाइटची ही फ्लॉपी १९७१ मध्ये बाहेर पडली. तिच्यावरून फक्त वाचता यायचं, लिहिता यायचं नाही.

म्हणजे फ्लॉपीचा जनक कोण, या प्रश्नाला एकच नाव देता येत नाही. नोबल आणि त्यांच्या टीमने ती घडवली, शुगार्ट यांनी ते काम सुरू करून दिलं. आणि ती बाहेर पडेपर्यंत शुगार्ट आयबीएममध्ये उरलेही नव्हते.

पहिली कंपनी, पहिला धक्का

१९६९ मध्ये शुगार्ट मेमोरेक्स या कंपनीत गेले. त्यांच्या मागोमाग आयबीएमचे बरेच इंजिनिअरही गेले. मेमोरेक्सने १९७२ मध्ये लिहिता-वाचता येणारी फ्लॉपी ड्राइव्ह बाजारात आणली.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. शुगार्ट असोसिएट्स. डोक्यात बेत मोठा होता. छोट्या व्यावसायिकाला परवडेल असा अख्खा कॉम्प्युटर बनवायचा, त्याची फ्लॉपी ड्राइव्हही आपलीच आणि प्रिंटरही आपलाच. पण सगळं एकाच वेळी हाती घेतल्याने पैसे संपत आले आणि विकायला तयार माल काही नव्हता. पैसा लावणाऱ्यांचा धीर सुटला. १९७४ मध्ये शुगार्ट यांना कंपनीतून बाहेर पडावं लागलं. दारावर पाटी त्यांच्या नावाची, आणि आत ते नाहीत.

त्यांच्या मागे राहिलेल्या लोकांनी सगळे बेत बाजूला ठेवून फक्त फ्लॉपी ड्राइव्हवर लक्ष दिलं. १९७६ मध्ये या कंपनीने एसए-४०० नावाची सव्वापाच इंची ड्राइव्ह आणली. किंमत ३९० डॉलर, क्षमता सुमारे ११० किलोबाइट. टेबलावर मावणाऱ्या कॉम्प्युटरला मानवेल अशी ही पहिली ड्राइव्ह. अ‍ॅपलचे स्टीव्ह वॉझनियॅक यांनी हिच्याच आतला सांगाडा घेऊन १९७८ मध्ये अ‍ॅपल-२ साठी डिस्क-२ बनवली.

या एसए-४०० च्या मागे ३४ जोडण्यांची एक पट्टी होती. तीच ती शुगार्ट बस.

३४ तारांमध्ये आहे तरी काय?

केबलमधल्या विषम क्रमांकाच्या तारा फक्त ग्राउंडच्या. कामाच्या तारा सम क्रमांकाच्या, आणि प्रत्येकीचं काम अगदी साधं. एक तार म्हणते, मोटर सुरू कर. दुसरी म्हणते, हेड एक घर सरकव. तिसरी सांगते, आत सरकव की बाहेर. एक सांगते की आता लिहायचं आहे. ड्राइव्हकडूनही उत्तरं येतात : हेड पहिल्या वर्तुळावर आलं, चकतीचा एक फेरा पूर्ण झाला, ही फ्लॉपी लिहायला बंद आहे, आणि हे घे वाचलेले बिट्स.

एवढंच संभाषण. कॉम्प्युटरला ड्राइव्हच्या आतलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त तारांवरचा विजेचा दाब कळतो.

इम्युलेटर नेमका याचाच फायदा घेतो. त्याच्या आतली छोटी चिप तारांवरचे हुकूम ऐकते. हेड सरकवायचा इशारा किती वेळा आला ते मोजते, पेनड्राइव्हवरच्या फाइलमधून त्या वर्तुळाची माहिती उचलते आणि खरी चकती फिरत असती तर ज्या लयीत बिट्स आले असते, त्याच लयीत पाठवते. नेहमीची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. इम्युलेटरमध्ये काहीच फिरत नाही, तरी तो दर २०० मिलिसेकंदांनी फेरा झाल्याचा इशारा देतो. एका फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेल्या फाइलला इमेज म्हणतात. एका पेनड्राइव्हवर अशा शेकडो इमेज मावतात आणि बटण दाबून फ्लॉपी बदलता येते.

हा प्रयोग स्वतः करायचा असेल तर चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, वीज पूर्ण बंद करून केबलची रंगीत कडा एक नंबरच्या पिनेकडे ठेवायची. केबल उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहतो आणि काम काही होत नाही. दुसरी, ड्राइव्हचा नंबर. एका केबलवर एकाहून जास्त ड्राइव्ह लागतात, त्यामुळे मशीन कोणत्या नंबरला हाक मारतं ते पाहून डब्यावरचा जम्पर त्या जागी लावायचा.

तिसरी गोष्ट बहुतेकांना नडते. आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी हीच केबल घेतली, पण दोन ड्राइव्हच्या मध्ये काही तारांना पीळ दिला. पुढे पीसीमध्ये ३४ नंबरच्या पिनेचं कामही बदललं. मूळ पद्धतीत ती पिन ड्राइव्ह तयार आहे असं सांगते, पीसीत ती फ्लॉपी बदलली गेल्याचं सांगते. म्हणून इम्युलेटरला आपण शुगार्ट पद्धतीच्या मशीनवर आहोत की पीसीवर, हे सांगावं लागतं. चौथी, क्षमता. ७२० केबीची फ्लॉपी मागणाऱ्या मशीनला १.४४ एमबीचा डबा लावून भागत नाही.

आणि या सगळ्याच्या आधीचं काम म्हणजे जुन्या फ्लॉपींच्या इमेज काढून ठेवणं. त्यासाठी फ्लॉपीवरची लिहायची खिटी आधी बंद करायची. इम्युलेटर ड्राइव्हची जागा घेतो, हरवलेली माहिती परत आणत नाही.

नाव परत एकदा हरवलं

इकडे कंपनीतून बाहेर पडलेल्या शुगार्ट यांनी कॉम्प्युटरचं जग काही काळ बाजूला ठेवलं. मित्रांबरोबर सांताक्रूझमध्ये एक बार घेतला, मासेमारीची बोट घेतली, सामन मासे पकडले. अधूनमधून सल्लागाराचं काम केलं.

१९७७ मध्ये झेरॉक्सने शुगार्ट असोसिएट्स विकत घेतली. १९७९ मध्ये शुगार्ट जुने सहकारी फिनिस कॉनर यांच्याबरोबर पुन्हा मैदानात उतरले. नव्या कंपनीचं नाव ठेवलं शुगार्ट टेक्नॉलॉजी. पण शुगार्ट हे नाव आता झेरॉक्सच्या मालकीच्या कंपनीचं होतं. स्वतःचंच आडनाव वापरायला अडचण आली आणि कंपनीचं नाव बदलावं लागलं. नवं नाव पडलं सीगेट.

आज कॉम्प्युटर उघडला की हार्ड डिस्कवर दिसतं तेच हे सीगेट.

सीगेटने १९८० मध्ये एसटी-५०६ ही ड्राइव्ह आणली. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या मापात ५ एमबीची हार्ड डिस्क, किंमत १५०० डॉलर. तिच्याही हुकुमाची केबल ३४ पिनांची आणि संभाषण फ्लॉपीच्याच वळणाचं : इतकी घरं सरक, या दिशेला सरक. पुढची १० एमबीची एसटी-४१२ ही १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये बसली आणि सीगेटची गाडी सुसाट सुटली.

याच सुमारास झेरॉक्सच्या ताब्यातल्या जुन्या शुगार्ट असोसिएट्समध्ये लॅरी बाउचर आणि त्यांचे सहकारी आणखी एक जोडणी घडवत होते. नाव सासी. त्यातला पहिला एस शुगार्टचा. १९८६ मध्ये ती प्रमाणित झाली तेव्हा स्कझी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि मॅकिंटॉशपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत पसरली. आज जुन्या मॅकमध्ये हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड लावणारे ब्लूस्कझी, स्कझी-टू-एसडी असे इम्युलेटर याच जोडणीवर बसतात. शुगार्ट यांचा तिच्या आराखड्याशी संबंध नव्हता. नाव मात्र त्यांचं.

मुंबईपर्यंत पोचलेली केबल

एका कंपनीची जोडणी सगळ्या जगाची कशी झाली? कारण दुसऱ्यांनी ती उचलली. ड्राइव्ह विकायची तर ती एसए-४०० च्या जागी जशीच्या तशी बसली पाहिजे, हे प्रत्येक नव्या कारखानदाराला कळत होतं. केबल तीच, पिना त्याच. मग आतलं यंत्र कितीही वेगळं असो.

यातलं एक मोठं नाव भारतात जन्मलेल्या जुगी टंडन यांचं. त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या टंडन कॉर्पोरेशनने शुगार्ट असोसिएट्सला जोरदार टक्कर दिली आणि १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये टंडनचीच टीएम-१०० ड्राइव्ह बसली. टंडनचं उत्पादन मुंबईत अंधेरीच्या सिप्झमध्येही होत असे. कॅलिफोर्नियात ठरलेल्या ३४ तारांना जुळणाऱ्या वस्तूंशी महाराष्ट्राचं नातं असं फार लवकर जुळलं.

पुढे फ्लॉपी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर न्यायचं रोजचं साधन फ्लॉपीच होतं. मराठी डीटीपीवाल्यांनी पत्रिका, स्मरणिका, पुस्तकं फ्लॉपीतच जपली. युनिकोडच्या आधीच्या त्या फायली आज नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात, कारण श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी होती. अशा वेळी जुना कॉम्प्युटर त्याच्या सॉफ्टवेअर आणि फॉन्टसकट सुरू ठेवता आला, तर मजकूर निदान मूळ रूपात वाचता येतो. इम्युलेटरचं मोल इथे समजतं.

दुसरा धक्का आणि कुत्र्याची उमेदवारी

सीगेटमध्ये शुगार्ट यांनी जवळपास दोन दशकं काढली. कंपनीने उत्पादन सिंगापूरला नेलं. किंमत खाली आली, पण कॅलिफोर्नियातल्या अनेक कामगारांची नोकरी गेली. १९८९ मध्ये सीगेटने कंट्रोल डेटा कंपनीचा डिस्कचा धंदा घेतला. भागीदार कॉनर मधल्या काळात वेगळे होऊन प्रतिस्पर्धी झाले होते. त्यांचीही कंपनी १९९६ मध्ये सीगेटमध्ये विलीन झाली.

त्याच वर्षी शुगार्ट यांनी अर्नेस्ट नावाचा आपला कुत्रा अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत उभा करायची मोहीम काढली. राजकारणावरचा राग व्यक्त करायची ही त्यांची तऱ्हा. पुढे २००० मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर वरीलपैकी कोणीही नाही हा पर्याय यावा म्हणून प्रस्ताव मतदानाला आणवला. तो हरला. आपल्याकडे हाच पर्याय २०१३ मध्ये नोटा म्हणून आला.

दरम्यान १९९८ च्या जुलैमध्ये दुसरा धक्का बसला. सीगेटचा नफा घसरला होता. संचालक मंडळाने ६७ वर्षांच्या शुगार्ट यांना प्रमुखपदावरून दूर केलं. उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडायची ही त्यांची दुसरी वेळ.

१२ डिसेंबर २००६ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे त्यांचं निधन झालं. काही आठवड्यांपूर्वी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. वय ७६.

मागे काय उरलं?

शुगार्ट असोसिएट्स १९८०च्या दशकातच संपली. एसए-४०० आज संग्रहालयात आहे. एसटी-५०६ बंद पडून किती वर्षं झाली, पण तिचीही नक्कल करणारे इम्युलेटर निघालेत.

टिकली ती जोडणी. ड्राइव्हच्या आत काय आहे हे न विचारता फक्त ठरलेले इशारे द्यायचे आणि घ्यायचे, एवढाच तिचा नियम. म्हणून टंडनची ड्राइव्ह तिथे बसली, जपानी कंपन्यांच्या बसल्या आणि आता पेनड्राइव्हही बसतो.

याची दुसरी बाजू आजच्या खरेदीतही दिसते. ज्या यंत्राची जोडणी फक्त त्याच्या कंपनीलाच माहीत, त्याचा सुटा भाग कंपनीने बंद केला की यंत्र भंगारात जातं. ज्याची जोडणी सगळ्यांना ठाऊक, त्याला वीस-तीस वर्षांनीही कुणीतरी नवा भाग बनवून देतं. त्यामुळे महागाचं मशीन घेताना त्याचा वेग आणि किंमत विचारून झाली की एक प्रश्न आणखी विचारावा : याची केबल दुसऱ्या कुणाच्या वस्तूला लागते का?